ज्याची भिंत, त्याला विचारलं का?

घाटकोपरहून सुटलेली मेट्रो असल्फाजवळ आली की खिडकीशी बसलेल्यांचे मोबाईल आपोआप वर येतात. समोर डोंगर, डोंगरावर एकाच्या डोक्यावर एक अशी रचलेली घरं आणि घरांच्या भिंतींवर जांभळा, पिवळा, पोपटी, गुलाबी. २०१७च्या अखेरीस स्वयंसेवकांनी ही वस्ती रंगवायला घेतली, काही आठवड्यांत फोटो सगळीकडे फिरले आणि असल्फ्याची तुलना इटलीतल्या कुठल्याशा समुद्रकाठच्या गावाशी होऊ लागली. (ते गाव पाहिलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही, तुलना मात्र सगळ्यांना पटते.) मीही फोटो काढला. खोटं कशाला बोलू, छान दिसतं.

मग एका रविवारी स्टेशनवर उतरलो आणि वर चढलो. गल्ली इतकी अरुंद की समोरून कुणी हंडा घेऊन आलं तर आपण भिंतीला चिकटून उभं राहायचं. तेवढ्या जवळून चित्र दिसतच नाही. दिसतो गुडघ्याएवढा गुलाबी पट्टा, त्यावरून गेलेले पाण्याचे पाइप, निळे ड्रम, मीटरची पेटी. अख्खं चित्र पाहायचं तर मेट्रोतच बसावं लागतं. पायरीवर भाजी निवडत बसलेल्या एका बाईंनी सांगितलं, त्यांच्या घरावर काय काढलंय ते त्यांनी पहिल्यांदा भाच्याच्या मोबाईलवर पाहिलं. रंगाबद्दल तक्रार नव्हती. उलट पाहुण्यांना आता घर पटकन सापडतं म्हणाल्या. पण त्यांना बोलायचं होतं वेगळ्याच भिंतीबद्दल, घरामागच्या उतारावर हव्या असलेल्या संरक्षक भिंतीबद्दल. जुलै २०००मध्ये घाटकोपरच्याच डोंगरावर दरड कोसळून साठाहून अधिक माणसं गेली होती. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना मुसळधार पावसाच्या रात्री झोप लागत नाही, मग घराला रंग कुठलाही असो.

तेव्हापासून मुंबईत नवं भित्तिचित्र दिसलं की मला पहिला प्रश्न पडतो, ज्याची भिंत आहे त्याला विचारलं होतं का? 'ज्याची' म्हणताना प्रॉपर्टी कार्डावरचं नाव माझ्या डोक्यात नसतं. भिंतीमागे आणि भिंतीपुढे ज्याचा दिवस जातो तो माणूस असतो. शहरात चित्रं वाढावीत याच मताचा मी आहे. पण रंगवण्याआधी विचारायचं आणि विचारण्याआधी भिंतीची ओल, भेगा, गिलावा बघायचा, ही साधी रीत आपण सुशोभीकरणाच्या घाईत सोडून दिली आहे. त्यामुळे होतं असं की चित्रात जो माणूस मोठा होत जातो, तोच माणूस त्या चित्राखालून हळूहळू सरकवला जातो.

मुंबईच्या भिंती मुक्या कधीच नव्हत्या. मी काळाचौकीच्या चाळीत वाढलो. आमच्या कोपऱ्यावरच्या भिंतीवर कधी विळा-कणीस असायचं, तर कधी त्यावर चुना मारून वाघ काढलेला असायचा. पाऊस पडून चुना उतरला की वाघाच्या पोटातून कणीस डोकावायचं. १९८२च्या संपात अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, तेव्हा मी शाळकरी पोर होतो. वाचायला शिकलो ते बालभारतीवर आणि भिंतीवर गेरूने लिहिलेल्या सभांच्या वेळांवर, असं म्हटलं तरी चालेल. नाक्यावर काळा फळा होता. त्यावर खडूने रोजची बातमी, कुणाच्या पोरीला दहावीत किती टक्के पडले त्याचं अभिनंदन, कुणाची अंत्ययात्रा किती वाजता निघणार, असं सगळं. फळा लिहिणारा ठरलेला होता, आमच्याच मजल्यावरचा एक पेंटर. दिवसा दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाचे बॅनर रंगवायचा, संध्याकाळी फुकटात फळा लिहायचा. त्याच्या 'श्र'ला जी वेलांटी असायची तशी मी नंतर छापील अक्षरातही पाहिली नाही. चित्रकार एम. एफ. हुसेन याच शहरात कधीकाळी सिनेमाचे बॅनर रंगवत, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा, जणू दोघे एकाच परांचीवर बसून काम करत होते.

आणि जिन्यातल्या टाईल्स? पान खाऊन पिचकाऱ्या मारणाऱ्यांना आवरायला जिन्याच्या प्रत्येक वळणावर गणपती, साईबाबा, क्रूस आणि मक्का अशा चौकोनी टाईल्स ओळीने बसवण्याची युक्ती मुंबईशिवाय कुणाला सुचली असती? चित्राने भिंत राखता येते हे या शहराला कुठल्या संस्थेने येऊन शिकवलेलं नाही. चाळ कमिटीला ते आधीपासून ठाऊक होतं.

पण त्या सगळ्या चित्रांना आणि अक्षरांना एक पत्ता होता. कुणी लिहिलं ते माहीत असायचं, पटलं नाही तर रात्रीतून कोणी तरी चुना मारायचं, भांडण व्हायचं, मिटायचं. भिंत मोहल्ल्याची होती, म्हणून भांडणही मोहल्ल्याचं.

ऑगस्ट २००९मध्ये तुळशी पाइप रोडची, म्हणजे सेनापती बापट मार्गाची, रेल्वेच्या कडेची भिंत रंगवायला खुली झाली तेव्हा मला तो जुना मोकळेपणा परत आल्यासारखा वाटला. 'द वॉल प्रोजेक्ट'ने पालिकेच्या साथीने हाक दिली होती. माहीम ते दादर पट्ट्यात कॉलेजची पोरं, आईबापांचं बोट धरून आलेली मुलं, ऑफिसातून सुट्टी काढून आलेले लोक, ज्याला जे सुचेल ते काढत होते. मीही एक तुकडा धरला आणि गिरणीचा भोंगा काढला. तो फणसासारखा दिसत होता, असं बायकोचं मत पडलं. दोन पावसाळ्यांत त्याचे पोपडे निघाले आणि पुढे त्यावर शिकवणीची जाहिरात चिकटली. मला वाईट वाटलं नाही. भिंतीवरचं सगळं तात्पुरतंच असतं, आणि त्या भिंतीमागे कुणाचं घर नव्हतं, रुळ होते. रुळांना विचारायची गरज नसते.

वांद्र्याच्या चॅपल रोडवर मात्र भिंतीमागे घरं आहेत. रनवार हे वांद्र्याच्या जुन्या पाखाड्यांपैकी एक, ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईच्या जुन्या मराठी ख्रिस्ती लोकांचं गावठाण. लाकडी जिने बाहेरून चढणारे, वळणावर क्रूस, कौलारू पडव्या. गेल्या पंधरा-वीस वर्षांत इथल्या भिंती रंगत गेल्या. जुन्या हिंदी सिनेमाचे चेहरे रंगवणाऱ्या रणजित दहिया यांचं कामही इथलंच. दहिया मूळचे हरयाणाचे. सुरुवात घरांना चुना लावण्यापासून आणि पाट्या रंगवण्यापासून केली, मग कलेचं रीतसर शिक्षण घेतलं आणि २०१२मध्ये बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट सुरू केला. २०१४मध्ये वांद्रे रेक्लमेशनच्या एमटीएनएल इमारतीवर दादासाहेब फाळक्यांचं जे प्रचंड चित्र उभं राहिलं, तेही त्यांच्याच पुढाकाराने. फाळके स्वतः जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी, म्हणजे चित्रकलेतून सिनेमात गेलेले. पाट्या रंगवणाऱ्याने त्यांना भिंतीवर आणलं, हा हिशेब मला फार आवडतो.

गावठाणात एक गोष्ट सोपी आहे. दार ठोठवायचं, घरमालकाला विचारायचं. हो म्हणाला तर रंगवायचं, नाही म्हणाला तर पुढच्या दारात जायचं. चॅपल रोडची चित्रं अंगावर येत नाहीत त्याचं कारण माझ्या मते हेच. प्रत्येक चित्राला एक 'हो' चिकटलेला आहे. याची दुसरी बाजूही आहेच. चित्रं आली की फोटो काढणारे येतात, मागोमाग कॅफे येतो, आणि जुन्या पडवीचं भाडं पाहून म्हातारा मालक घर सोडायचा विचार करू लागतो. पण निदान विचार तो करतो.

आता ससून डॉक. १८७५मध्ये ससून घराण्याने भराव घालून बांधलेली ही गोदी. कापसाची निर्यात करायला बांधली आणि पुढे मासळीची झाली. २०१७च्या हिवाळ्यात स्टार्ट इंडिया फाउंडेशनने इथल्या गोदामांत मोठं कलाप्रदर्शन भरवलं. कोळी बायका-पुरुषांचे भिंतभर कृष्णधवल फोटो डकवले. पहाटे मासळीच्या लिलावाला येणाऱ्या माणसाचाच चेहरा दोन मजली उंच! मी दोनदा गेलो. दक्षिण मुंबईत आयुष्य काढलेली माणसं पहिल्यांदा त्या फाटकातून आत आलेली पाहिली, नाकाला रुमाल लावून का होईना. कोळंबी सोलणाऱ्या बायका त्यांच्याकडे बघून हसत होत्या. आपण कुणाच्या तरी कामाच्या जागी आलो आहोत, हे पाहुण्याला सतत जाणवत होतं. ही त्या प्रदर्शनाची मोठी कमाई.

पण त्याच शहरात नंतर काय झालं तेही बघू. २०२१मध्ये दादरचा सेनापती बापट मार्गावरचा घाऊक मासळी बाजार पालिकेने हटवला आणि विक्रेत्यांना दाखवली ऐरोली नाक्याजवळची जागा. हो, आम्ही भोंगे आणि फुलपाखरं काढली तोच हा रस्ता. वरळीला सागरी किनारा मार्गाचे खांब समुद्रात उभे राहू लागले तेव्हा बोटी सुरक्षित जाव्यात म्हणून दोन खांबांमधलं अंतर वाढवा, असं कोळी सांगत होते. ६० मीटरचं अंतर १२० मीटर करून घ्यायला त्यांना भर समुद्रात काम अडवावं लागलं. याच काळात मुंबईत कोळीण हे चित्राचं आवडतं पात्र झालं. उड्डाणपुलाचा खांब असो, नाट्यगृहाची भिंत असो की विमानतळाकडचा रस्ता, काष्टा नेसलेली, कानात मोठाले दागिने, डोक्यावर पाटी, पाटीत चमचमता पापलेट. ती हसते आहे, कारण चित्रातल्या कोळणीला लिलावाला उशीर होत नाही आणि ऐरोलीला जायला टेम्पोही करावा लागत नाही.

चित्रकाराला दोष देऊ नका. त्याला विषय दिला गेला आहे. विषय देणाऱ्याला मात्र विचारलं पाहिजे, की या कोळणीचं चित्र काढायला तिची परवानगी लागली नाही आणि तिचा बाजार हलवायलाही लागली नाही, हा योगायोग समजायचा का?

वारलीचं याहून वाईट. वारली चित्र मुळात भिंतीचंच. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी लग्नाचा चौक लिहितात. हो, वारली बायका चित्र 'लिहितात', काढत नाहीत. चौकात पालघाट देवी, बाहेर झाडं, जनावरं, तारपा हे वाद्य. त्या घरात लग्न आहे म्हणून त्या भिंतीवर चौक आहे. जिव्या सोमा मशे यांनी हे लिहिणं कागदावर आणि जगभर नेलं, ते वेगळं आणि मोठं काम. पण आज मुंबईत स्वच्छतागृह, शाळेचं कुंपण, पंपिंग स्टेशन, सोसायटीचं पार्किंग यांच्या भिंतीवर जे त्रिकोणी धडाचे गोल नाचताना दिसतात, ते वारली कुठल्या लग्नाला आलेत? टेंडरात 'वारली आर्ट' एवढे दोन शब्द असतात, कंत्राटदार स्टेन्सिल मारतो, चौरस फुटावर बिल निघतं. आणि याच शहराच्या हद्दीत, आरेच्या पाड्यांमध्ये, वारली कुटुंबं आपली घरं आणि वाड्या टिकवायला वर्षानुवर्षं झगडत आहेत. मेट्रोच्या कारशेडसाठी प्रजापूर पाड्यातली कुटुंबं हलवली गेली. ऑक्टोबर २०१९मध्ये रात्रीतून झाडं पाडायला सुरुवात झाली आणि सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती येईपर्यंत २,१४१ झाडं आडवी झाली होती. ज्यांनी चित्रात झाड आणलं त्यांच्या दारातलं झाड गेलं. एखाद्या मेट्रोच्या खांबावर वारलीचं झाड बघताना मला त्यामुळे कसंसंच होतं. चित्र वाईट नसतं, तरी होतं.

फ्लेमिंगोंबद्दल लिहायचं होतं, पण नको. त्यांना निदान भिंतीवरचं आपलं चित्र दिसत नाही.

पालिकेने २०२२च्या अखेरीस सुमारे १,७०० कोटी रुपयांचा सुशोभीकरण प्रकल्प हाती घेतला. पुलांचे खांब, भिंती, दिवे, पदपथ असं बरंच त्यात होतं. त्याच डिसेंबरात जी-२०ची मुंबईतली पहिली बैठक भरली आणि पाहुण्यांच्या वाटेवरच्या झोपड्यांपुढे पडदे लागले. पडद्यावर छापील चित्रं होती, म्हणजे तीही एका अर्थाने भित्तिचित्रंच, फक्त भिंत वगळून. आणि त्याच वर्षी मार्चपासून पालिकेत नगरसेवकच उरले नव्हते, कारभार प्रशासकाकडे गेला होता. नगरसेवक म्हणजे काही कलेचा पारखी नव्हे, त्यांच्या कारकिर्दीत उभे राहिलेले डॉल्फिनचे कारंजे आपण सगळ्यांनी सोसले आहेत. पण 'आमच्या दारात हे काय काढलंत?' असं विचारायला एक दार होतं. ते बंद असताना एवढ्या भिंती रंगल्या.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं. अहो, आधी इथे लोक लघवीला उभे राहायचे, कचरा टाकायचे, आता चित्र आहे तर चार लोक थांबून बघतात, तुम्हाला त्यातही खोट दिसते! उत्तर खरं आहे. आमच्या जिन्यातल्या टाईल्सचाच तो धडा आहे, मी कसा नाकारू? असल्फ्याच्या पोरांना आपला पत्ता सांगताना पूर्वी जी लाज वाटायची ती थोडी कमी झाली असेल, तर ती काही लहान गोष्ट नाही. झोपडपट्टी म्हणजे फक्त हलाखी, असंच चित्र कायम दाखवणाऱ्यांपेक्षा तिला गुलाबी रंगवणारे मला केव्हाही परवडतील. माझं म्हणणं एवढंच, की रंगाच्या डब्याबरोबर गिलाव्याची पाटीही वर चढली असती तर? शेकडो घरांच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत माणसं, परांची आणि सामान पोचू शकतं हे त्या मोहिमेने सिद्ध केलं. मग गळती आणि गटार यांच्यापाशीच रस्ता अरुंद कसा होतो?

पालिकेच्या खर्चाने होणाऱ्या चित्रांपुरतं तरी हे अवघड नाही. एस्टिमेटमध्ये रंगाच्या आधीची ओळ गिलावा, ओल आणि भेगांची असावी. ती पूर्ण झाल्याशिवाय रंगाचं बिल निघू नये. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ओल्या भिंतीवर मारलेला रंग पहिल्याच श्रावणात फुगतो, हे कुठलाही रंगारी सांगेल. विषय ठरवायला वस्तीची एक बैठक घ्यावी, संध्याकाळी साडेआठनंतर, म्हणजे कामावरून आलेली माणसं येतील. बैठकीत भांडणं होतील. व्हावीत. कुणी महाराज म्हणेल, कुणी बाबासाहेब, कुणी म्हणेल काही नको, सरळ पिवळा रंग द्या, दिवाळी असल्यासारखं वाटेल. तोही निर्णयच आहे. आणि त्या विभागात जे पाट्या रंगवणारे, मंडपाचे पडदे रंगवणारे, गणपतीचे डोळे आखणारे हात अजून शिल्लक आहेत, त्यांना कामात हिस्सा आणि कोपऱ्यात नाव मिळावं.

नावाचं मी मुद्दाम लिहितोय. आमच्या चाळीतला पेंटर प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आपलं नाव आणि चाळीचा पत्ता टाकायचा. फ्लेक्स आला, दोन-तीन वर्षांत त्याचं काम आटलं, पुढे एका इमारतीत रखवालदारी करून त्याने दिवस काढले. मध्यंतरी भेटला तेव्हा त्याला पुलाखालची नवी चित्रं दाखवायला नेलं. बराच वेळ बघत होता. रेघ चांगली आहे म्हणाला, हात बसलेला आहे पोराचा. मग वाकून कोपरा बघितला, दुसरा कोपरा बघितला. तिथे रंगाच्या कंपनीचं चिन्ह होतं, योजनेचं नाव होतं, सौजन्य कुणाचं ते होतं.

राज्यात मालमत्तेचं विद्रूपण रोखणारा १९९५चा कायदा आहे, तो असावाच. पण त्याच्या आडून हाताने लिहिलेली अक्षरं जातात आणि नेत्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स राहतात, हे नाक्यावरच्या कुणालाही दिसतं. प्रत्येक विभागात एखादी भिंत अशी असावी जिच्यावर कुणीही, काहीही, न विचारता लिहावं. ती वाईट दिसेल. तिच्यावर प्रेमातले बाण येतील, शिव्या येतील, 'पाणी कधी येणार' हेही येईल. वॉर्ड ऑफिसातल्या साहेबांनी आठवड्यातून एकदा तिच्यासमोर उभं राहून वाचायचं, एवढंच काम.

वरळीच्या बीडीडी चाळींत माझा एक मित्र राहायचा. तळमजला अधिक तीन मजले, १६० चौरस फुटांची खोली. खाली चौकात निळ्या भिंतीवर बाबासाहेब आणि शेजारी फळा. ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरांतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्यात तोही होता. ५०० चौरस फुटांचं घर, खिडकीतून समुद्राची एक फीत दिसते. त्याची आई खोलीच्या मधोमध उभी राहून नुसती इकडून तिकडे बघत होती. मी आनंदाने पेढे खाल्ले. निघताना विचारलं, फळा कुठे लावणार? खाली लॉबीत दगडी लाद्या आहेत, पार्किंगच्या भिंतींना नंबर दिलेत, बाहेरच्या भिंतीला हात लावायचा नाही. लिफ्टजवळ अडीच फुटांची जागा आहे म्हणाला, पण तिथे काही लावायचं तर कमिटीची परवानगी लागेल. अर्ज केलाय.